मारिओची मिशी, राजपुत्राची सावली

मारिओला मिशी का आहे? कारण तोंड काढायला जागा नव्हती.

1981 साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोतो एक गडी रेखाटत होते. हाताशी मोजके चौकोन. त्यात ओठ काढले तर दिसेनात, म्हणून मोठ्ठं नाक आणि त्याखाली मिशी. उडी मारताना केस उडालेले दाखवणं जिकिरीचं, म्हणून डोक्यावर टोपी. हात हलताना कळावेत म्हणून अंगात डंगरी. तेव्हा त्याचं नावही मारिओ नव्हतं, नुसताच 'जम्पमॅन'. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक होते मारिओ सेगाली. त्यांचं नाव पुढे या मिशीवाल्याला चिकटलं आणि जगभर झालं.

नाशिकला आमच्या घरी टीव्ही गेम आला तेव्हा मी चौथीत होते. आज माझी लेक चौथीत आहे आणि मी अजून खेळते. इतक्या वर्षांत माझी आवडनिवड एका गोष्टीवर येऊन ठरली आहे. खेळ करणारा कुठे अडला होता आणि त्यातून त्यानं वाट कशी काढली, हे ज्या खेळात सापडतं तो माझा. बाकीच्यांची चित्रं कितीही गुळगुळीत असोत, महिन्याभरात विसरायला होतात.

फुंकर

आमचा टीव्ही गेम म्हणजे जपानी 'फॅमिकॉम'ची हुबेहूब नक्कल. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '999 इन 1'. आत खरे खेळ बोटावर मोजण्याइतके, पुढे तेच ते नव्या आकड्यानं. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. महाराष्ट्रातल्या घराघरांत ही फुंकर चालायची, जपानात आणि अमेरिकेतही. कुणी कुणाला शिकवली देव जाणे. खरं तर काम फुंकरीनं होत नव्हतंच. काढून परत बसवल्यानं आतले पितळी दात नीट टेकायचे, एवढंच. तोंडातल्या वाफेनं उलट ते गंजायचे, म्हणून निन्टेंडोनंच फुंकू नका असं सांगून ठेवलं होतं.

त्या कॅसेटमधला पहिला खेळ 'सुपर मारिओ ब्रदर्स', 1985 चा. अख्खा खेळ 40 किलोबाइटचा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारं सुप्रभातचं फुलाचं चित्रही सहसा याहून जड असतं. इतक्या कमी जागेत आठ राज्यं बसवायची, म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं, खाली हिरवं. चालून येणारा तपकिरी गुंबा आठवतो? त्याचं चालणं म्हणजे एकच चित्र आळीपाळीनं डावं-उजवं उलटवलेलं. हे मला तिशीत कळलं आणि त्या रात्री मी खेळ पुन्हा लावून नुसते ढग बघत बसले.

पण खरी कमाल पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे. समोरून गुंबा येतो, आपण घाबरून उडी मारतो, डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला लागतं आणि वरून मशरूम निघतो. आत्ताच एका मशरूमसारख्या दिसणाऱ्यानं मारलेलं असतं, त्यामुळे नवखा माणूस पळतो. मशरूम पुढे जाऊन पाइपला आपटतो, परत फिरतो आणि थेट आपल्याकडे येतो. उडी मारून चुकवायला जावं तर डोक्यावर ठोकळे. आपण आपटून खाली येतो ते त्याच्याच अंगावर. आणि मोठे होतो! एक अक्षर न लिहिता सांगितलं की हा चांगला आहे. माझ्या आईनं आयुष्यात एकदाच मारिओ खेळला. तिलाही तो मशरूम असाच मिळाला होता, ओरडत ओरडत.

वर वर, खाली खाली

कॉन्ट्रा. दादा आणि मी. धबधब्याच्या लेव्हलला पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खेळाडू खालच्या कडेला लागून मरतो. दादा पुढे, मी मागे. आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या धबधब्यातली.

यावर उतारा होता: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. मग तीनऐवजी तीस जीव. ही किल्ली मुळात कॉन्ट्रासाठी नव्हतीच. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो 'ग्रेडियस' हा विमानाचा खेळ घरच्या यंत्रावर आणत होते. तो इतका अवघड होता की तपासायला म्हणून खेळतानाही त्यांना शेवटपर्यंत जाता येईना. म्हणून स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी ही चोरवाट ठेवली, आणि 1986 मध्ये खेळ बाजारात गेला तेव्हा ती आतच राहिली. पुढे कोनामीनं ती खेळामागून खेळात मुद्दाम घातली. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत गेले. त्यांची ती दहा बटणं माझी बोटं आजही झोपेत दाबतील.

काही जण बी, ए नंतर 'सिलेक्ट'ही सांगतात. तो किल्लीचा भाग नाही, तो दोघांचा खेळ निवडण्यासाठी. म्हणजे ज्याला 'सिलेक्ट' पाठ आहे, त्याच्या शेजारी लहानपणी कुणीतरी बसलेलं होतं.

बदकांच्या खेळातल्या बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट बंदूकच बघते! घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. सगळा हिशेब काचेच्या फुगीर टीव्हीवर बेतलेला, म्हणून आजच्या पातळ टीव्हीसमोर ती बंदूक आंधळी. आणि एकाच बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटनं बदक उडवता येतं. मला हे वेळेवर कळलं असतं तर दादाचा एकही नेम लागू दिला नसता.

'स्पेस इन्व्हेडर्स' त्याच कॅसेटवर होता. शत्रू कमी होत जातात तसे ते वेगानं अंगावर येतात आणि छाती धडधडते. 1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ केला तेव्हा हे ठरवलेलं नव्हतं. यंत्राला इतकी चित्रं एकदम हलवणं झेपत नव्हतं. काही मेली की ओझं कमी होई आणि उरलेली पळू लागत. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. धन्य तो माणूस.

मुस्तफा

शाळेजवळच्या व्हिडिओ पार्लरमध्ये कुणी 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' असं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. 1993 च्या या खेळाचं नाव आमच्याकडे 'मुस्तफा'. चार खेळाडूंतून एक निवडायचा: जॅक, हॅना, मुस्तफा, मेस. सगळ्यांना मुस्तफाच हवा, कारण तो सगळ्यांत चपळ. धावत येऊन मारलेली त्याची लाथ म्हणजे रुपया वसूल. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकी चित्रकथेतली आणि तिथला नायक जॅक. नाशिकच्या पोरांनी जॅकला बाजूला सारून मुस्तफाला नायक केलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्या पार्लरमध्ये मी एकटीच मुलगी असायचे. हॅना कुणी घेत नाही म्हणून पोरं तिला माझ्याकडे सरकवायची, आणि मी हॅना घेऊन खेळायचे. नेमाला ती चांगली आहे, हे मुस्तफावाल्यांना कधी कळलंच नाही.

राजपुत्र

मला एकच खेळ निवडायला सांगितला तर मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' निवडेन, 1989 चा पहिला. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, बूट बाहेर काढून, एसीच्या थंडीत कुडकुडत.

त्या राजपुत्राच्या पळण्यात वजन आहे. थांबताना तो दोन पावलं घसरतो. कड्याला लटकला की अंग झुलतं. त्या काळातल्या बाकीच्या गड्यांसमोर हा जिवंत माणूस वाटायचा, आणि तो होताच जिवंत माणूस. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावलं आणि त्याची व्हिडिओ टेप काढली. टीव्हीवर टेप थांबवून एकेका चित्राचा फोटो घेतला, फोटोंवर काळ्या-पांढऱ्या शाईनं आकार गिरवले आणि ते कॉम्प्युटरमध्ये उतरवले. खेळाला संगीत वडिलांनी दिलं, फ्रान्सिस मेकनर यांनी. तलवारबाजी 1938 च्या 'रॉबिन हूड' सिनेमातून उचलली, एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या झुंजीतून. घरचा भाऊ, घरचे वडील आणि एक जुना सिनेमा!

आता अडचण ऐका. 'अ‍ॅपल टू' या कॉम्प्युटरची मेमरी राजपुत्राच्या हालचालींनीच भरून गेली. शत्रू काढायला जागा उरेना. आणि शत्रूशिवाय खेळ म्हणजे रिकाम्या वाड्यातली नुसती पळापळ. टॉमी पिअर्स ही त्यांची सहकारी मारामारी हवीच म्हणून मागे लागली होती. शेवटी मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती किंचित सरकवून स्वतःवरच उलटी केली, आणि पडद्यावर एक थरथरती सावळी आकृती उभी राहिली. जागा जवळजवळ शून्य लागली. राजपुत्राचा शत्रू म्हणजे राजपुत्राचीच सावली.

ती खेळात कशी येते बघा. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा उभा राहतो. मागे फिरून, जोरात पळत येऊन त्यातून उडी मारायची. आपण पलीकडे पडतो अर्धमेले, आणि आरशातून उलट्या बाजूला सावली पळून जाते. पुढच्या लेव्हलला औषधाची बाटली आपल्याआधी तीच पिते. त्याच्या पुढच्या लेव्हलला आपण उडी मारून कड्याला पोचणार, तेवढ्यात ती येते, दरवाजा पाडते आणि आपण खोल दरीत. अगदी शेवटी ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिला वार केला की जीव आपला कमी होतो.

लॅबमध्ये आम्ही चौघी त्या लढाईत कितीतरी दिवस मरत होतो. एका शनिवारी माझ्या मैत्रिणीचं बोट चुकून खालच्या बाणावर पडलं. राजपुत्रानं तलवार म्यान केली. समोर सावलीनंही केली. आम्ही श्वास रोखला. मैत्रिणीनं हळूच उजवा बाण दाबला, राजपुत्र चालत गेला आणि सावली त्याच्यात मिसळली. चौघी एकदम किंचाळलो. बाईंनी येऊन कॉम्प्युटर बंद केला, पण आम्हाला काही वाटलं नाही. जिंकायचं असेल तर तलवार आत ठेवावी लागते, असं तोवर कुठल्याच खेळानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

हा खेळ ज्या फ्लॉप्यांवर लिहिला होता त्या नंतर हरवल्या. 2012 साली मेकनर यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या सापडल्या. त्यांतली मूळ संहिता काढून सगळ्यांना वाचायला खुली केली आहे. मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी एकदा उघडून बघितली.

त्याच लॅबमध्ये 'डेंजरस डेव्ह' होता. लाल टोपीचा, करंडक उचलून दाराकडे धावणारा. खेळ म्हणून मला तो सुमारच वाटतो, उडी फार ताठ आहे. पण या डेव्हची एक रात्र इतिहासात आहे. 1990 च्या सप्टेंबरात जॉन कारमॅक यांना पीसीवर पडदा न अडखळता सरकवायची युक्ती सापडली. त्यांनी आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत 'मारिओ 3' ची पहिली लेव्हल जशीच्या तशी उभी केली, मारिओच्या जागी डेव्हला ठेवलं आणि ती फ्लॉपी सहकाऱ्याच्या, जॉन रोमेरो यांच्या टेबलावर ठेवून दिली. डेव्ह मूळचा रोमेरोंचाच. सकाळी ते बघून त्यांना उमगलं की आता नोकरी सोडायची. त्यातून 'इड सॉफ्टवेअर' निघाली आणि तिच्यातून 1993 मध्ये 'डूम'.

ऑफिसातले पत्ते आणि सुरुंग

बाबांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे जण पत्ते लावत होते. 1990 च्या विंडोजमधला 'सॉलिटेअर' वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या मुलानं लिहिला. त्याला त्याबद्दल वेगळं मानधन मिळालं नाही. पत्त्यांची चित्रं सुसान केअर यांची. पान उचलून दुसऱ्यावर ठेवता ठेवता लोकांना माऊस धरून ओढायला शिकवणं, हा त्यामागचा हेतू. बाबा माऊस असेच शिकले.

'माइनस्वीपर'वर मात्र माझा राग आहे. मोठ्या पटावर 480 घरं, 99 सुरुंग. तासभर डोकं लावून सगळं उलगडावं आणि शेवटी दोन घरं उरावीत, ज्यांत कुठे सुरुंग आहे हे कळायला काही मार्गच नसावा. अंदाज! विचार करायला लावणाऱ्या खेळानं शेवटी नशिबावर सोडणं मला पटत नाही. त्याची एकच गोष्ट चांगली: पहिल्याच टिचकीला सुरुंग लागला तर जुन्या विंडोजमध्ये तो गुपचूप दुसरीकडे हलवला जायचा. पहिल्या पावलाला कुणी मरत नाही.

आजीचा उभा दांडका

जत्रेत मिळणारा हातातला 'ब्रिक गेम' खरा गाजवला माझ्या आजीनं. दुपारी ओसरीवर, चष्मा नाकावर, ठोकळे रचत. नातवंडं एकेक ओळ भरून मोकळी व्हायची. आजी उजव्या बाजूला एक उभी फट राखून थांबायची, चार ओळी रचायची आणि उभा दांडका आला की खाडकन सगळं साफ. फडताळात डबे लावावेत तसं.

आजीचं बरोबर होतं. निन्टेंडोच्या टेट्रिसमध्ये पहिल्या पायरीवर एका ओळीला 40 गुण, पण चार ओळी एकदम गेल्या तर 1200. दहा एकट्या ओळींना मिळून 400 होतात. आजीला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

अलेक्सी पाजित्नोव यांनी हा खेळ 1984 मध्ये मॉस्कोच्या सरकारी संगणक केंद्रात केला. त्यांच्या 'एलेक्ट्रॉनिका 60' यंत्राला चित्र काढताच येत नव्हतं, नुसती अक्षरं उमटायची. म्हणून त्यांनी चौकोनी कंस जोडून ठोकळे बनवले. चाराचा ग्रीक 'टेट्रा' आणि त्यांचा आवडता टेनिस, मिळून टेट्रिस. खेळ जगभर विकला गेला, पण त्यांना स्वतःला मानधन मिळू लागलं ते 1996 नंतर. निन्टेंडोचं टेट्रिस माणसाला कधी संपवता येणार नाही असं मानलं जायचं. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलानं ते इतकं पुढे नेलं की शेवटी यंत्रच गोठलं. आजी असती तर तिनं त्याची दृष्ट काढली असती.

नोकियाच्या सापाबद्दल थोडक्यात. 1997 मध्ये 6110 या फोनसाठी तानेली आर्मांतो यांनी तो लिहिला. वेग वाढला की लोक भिंतीवर आपटून मरत, म्हणून त्यांनी साप आपटण्याआधी डोळ्याला न कळेल असा एक थांबा ठेवला. शेवटच्या क्षणी वाचल्याचा तो आनंद आठवा. तो त्या माणसानं दिलेला आहे.

सायबर कॅफे, तासाला वीस रुपये

'व्हाइस सिटी' 2002 चा. त्यातलं 1986 च्या मायामीवर बेतलेलं शहर, संध्याकाळचा गुलाबी उजेड, गाडीतला रेडिओ, हे मला अजून आवडतं. माणसं उडवण्यात मला रस नव्हता. मी सिग्नल पाळत समुद्राकाठून गाडी चालवायचे, शेजारचा मुलगा वैतागायचा. खेळाचा नायक टॉमी, त्याला पोहता येत नाही, गुडघाभर पाण्यापुढे गेला की संपला. इतका दांडगा माणूस आणि पाण्याला भितो! शहरातल्या एका इमारतीच्या खिडकीतून आत उडी मारली तर खोलीत चॉकलेटचं मोठं ईस्टरचं अंडं ठेवलेलं सापडतं. आणि खेळण्यातल्या हेलिकॉप्टरनं अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे, ते काम आठवून आजही कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. मी ते एकविसाव्या खेपेला पार केलं. मागे पाच-सहा जण उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

'व्हाइस सिटी' ज्या मालिकेतला, तिचा जन्मच एका बिघाडातला. पहिला खेळ होता 'रेस अँड चेस', चोर-पोलिसांच्या गाड्यांचा, आणि कंटाळवाणा. मग पोलिसांच्या गाड्या बिघडल्या आणि वेड्यासारख्या अंगावर येऊ लागल्या. तपासणाऱ्यांना तेवढंच आवडायला लागलं. बिघाड ठेवला, खेळ बदलला.

'क्रिकेट 07' हा कॅनडातल्या मंडळींनी केलेला खेळ. जिथे हिवाळाभर बर्फ पडतो, तिथल्या नोव्हा स्कॉशियातल्या एचबी स्टुडिओजचा. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशेसचे हक्क होते, आपल्या संघाचे नव्हते, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून. आपल्या पोरांनी ती आधी दुरुस्त केली, मग आयपीएलचे पोशाख घातले, मैदानं चढवली. समालोचनाला रिची बेनो. ते 2015 मध्ये गेले, पण अजून कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपवर ते चौकाराचं कौतुक करत असतात. नंतरचे क्रिकेटचे खेळ दिसायला देखणे झाले. चेंडू बॅटला लागल्याचं समाधान या जुन्यातच आहे.

आपल्याकडचं

पबजीतल्या बेटाचं नाव 'एरंगेल'. ब्रेंडन ग्रीन यांनी ते आपल्या लेकीच्या, एरिनच्या नावावरून केलं. मुंबईच्या मालाड-मढकडच्या लोकांना मात्र ते ऐकून आपलं एरंगळ आठवतं, जत्रेचं आणि किनाऱ्यावरच्या चर्चचं. निव्वळ योगायोग, पण गोड.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' 2017 चा, पश्चिम घाटातला. होयसळांची देवळं, गणपतीचा सुळा शोधायचा, नायिका क्लोई अर्धी भारतीय. परशुरामाच्या परशूनं गणपतीचा दात तुटल्याची गोष्ट ती सांगते तेव्हा माझी लेक पडद्याकडे बघून म्हणाली, "हे आजीनं सांगितलंय मला." झाडी, लाल माती, ओहोळ सुरेख उतरलेत. पण सह्याद्रीत कुठल्याही वळणावर जो चहाचा ठेला दिसतो, तो त्या सबंध घाटात एकही नाही.

'राजी' मात्र पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 2020 मध्ये आणला. डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी, असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, हातात दुर्गेचा त्रिशूळ. गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. मधल्या कथा सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवल्यात. मारामारी जरा अडखळते, शेवट अचानक तुटतो. हे दोष मोठे आहेत आणि मी ते लपवणार नाही. पण तुकडे फिरवून मंडल जुळवायचं कोडं आलं तेव्हा लेक म्हणाली, "ही तर रांगोळी." खेळात स्वतःचं घर पहिल्यांदा दिसलं की काय होतं, ते मी तिच्या तोंडावर बघितलं. जगातल्या मोठ्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या प्रयत्नांच्या यादीत हा खेळ नामांकित झाला, त्या दिवशी मी घरात शिरा केला होता.

'वेन्बा' कॅनडात राहणाऱ्या एका तमिळ आईचा. 1988 साल, टोरांटो, पहिला पदार्थ इडली. तिच्या आईनं दिलेली पाककृतींची वही फाटलेली, पुसट; गहाळ ओळी आपण अंदाजानं भरायच्या. इडलीपात्रात आधी पाणी. मग ताटल्या एकावर एक अशा लावायच्या की खालच्या इडलीवर वरची इडली येऊ नये, नाहीतर फुगायला जागा राहत नाही. मी पहिल्या फटक्यात जिंकले! माझ्या आईनं ती ताटली थोडी फिरवायची खूण मला दहाव्या वर्षी दाखवली होती. खेळ जेमतेम दीड-दोन तासांचा. पुढे मुलगा मोठा होतो, त्याला आईची भाषा धड वाचता येत नाही आणि ती वही त्याच्या हातात पडते. तिथे मी खेळ थांबवून आईला फोन केला, आमटीचं प्रमाण विचारायला. ते मला येतं, तरी विचारलं.

शेत

'स्टारड्यू व्हॅली' एका माणसाचा. एरिक बॅरोन. चारेक वर्षं चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्यानं, आणि पोटासाठी नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायची नोकरी. 2016 मध्ये आला. माझ्या लेकीला हा फार आवडतो. मलाही, पण माझं जरा बारीक लक्ष असतं, कारण मामांची निफाड तालुक्यात शेती आहे, कांदा आणि द्राक्षं.

गेल्या मे महिन्यात मामा आले होते. लेकीनं त्यांच्या हातात खेळ दिला. नांगरट झाली, बी पेरलं. बुजगावणं उभं केलं, कारण नाहीतर कावळे पीक खातात. मामांनी मान डोलावली. विजेनं पिकं जळतात म्हणून वीजवाहक लावायचा. तेही पटलं. हंगाम बदलला की उभं पीक मरतं, हेही ठीक. मग बटाटे विकायला ठेवले, 80 ला एक.

"उद्या किती?" मामा म्हणाले.

"80च," लेक म्हणाली.

"आणि सगळ्यांनीच बटाटा लावला तर?"

"80च, आजोबा. तो बदलत नाही."

मामा काही वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्या महिन्यात त्यांचा कांदा चाळीतच होता, भावाची वाट बघत. मग लेकीनं त्यांना तुषार दाखवले. बसवले की रोज सकाळी सहाला आपोआप पाणी. सगळ्यांत चांगल्या तुषाराला चोवीस घरं भिजतात.

"मोटार कुठंय याची?"

"मोटार नाहीये."

"लाइट?"

"लाइट लागतच नाही."

मामांनी चष्मा पुसून परत घातला. "पुन्हा एकदा सकाळ करून दाखव गं," ते म्हणाले.